ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही? आधी दोष शोधा, मग पैसे खर्च करा



रब्बीच्या पेरणीला वाफसा मोजून चार-सहा दिवस मिळतो. काळ्या जमिनीत तर एकदा ओल उडाली की पेरणी साधत नाही. नेमक्या अशा वेळी जुना ट्रॅक्टर रुसतो. चावी फिरवली की नुसता ‘कट्’ असा आवाज येतो, नाहीतर तोही येत नाही. मग चारजण जमतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ जळाला, तिसरा म्हणतो ढकला. कोणीतरी तालुक्याला जाऊन नवी बॅटरी आणतो, हजारो रुपये जातात आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच ‘कट्’. आपल्याकडे म्हण आहेच, दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला!

रेडिओवर ऐकलेले सगळेच लक्षात राहत नाही. म्हणून जुन्या डिझेल ट्रॅक्टरच्या सेल्फची तपासणी पायरीपायरीने या पत्रकात छापली आहे. घडी घालून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. यातील निम्म्याहून जास्त कामे पाना, पॉलिश पेपर आणि एक छोटा बल्ब एवढ्यावर घरच्या घरी होतात.

सेल्फ चालतो कसा?

आपल्या विहिरीवरची पाइपलाइन डोळ्यांपुढे आणा. वरची टाकी म्हणजे बॅटरी. जाड पाइप म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंत गेलेली जाड वायर. मोठा व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड, आणि तो उघडणारा हात म्हणजे तुमची चावी. चावीतून जाणारा प्रवाह लहान असतो. तो सोलेनॉइडला ओढतो, मग सोलेनॉइडमधला तांब्याचा मोठा संपर्क जुळतो आणि बॅटरीचा सगळा जोर सेल्फच्या मोटरला मिळतो. त्याच वेळी सेल्फचे लहान दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसते आणि इंजिन फिरते.

एक गोष्ट मात्र पाण्यापेक्षा वेगळी आहे. पाणी शेतात गेले की काम झाले, पण विजेला बॅटरीकडे परत यावे लागते. ही परतीची वाट म्हणजे अर्थिंग. सेल्फचे अंग, इंजिन, चेसिस आणि तेथून बॅटरीला आलेली पट्टी अशी ती वाट आहे. जाणारी वाट सगळे तपासतात, येणारी वाट कोणी बघत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा दोष पुष्कळदा तिथेच दडलेला असतो.

‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठणठणीत’ हे खरे नाही

पुढचे दोन्ही मोठे दिवे मिळून सुमारे ७ ते ९ अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ मात्र दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो आणि पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. पाइपात गाळ साचला तरी नळाची धार येतेच, पण त्याच पाइपावर उसाचे भरणे होईल का? तसेच हे आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर दिव्यापुरती वीज त्यातून जाते, सेल्फपुरती जात नाही. म्हणून दिवे लागले तरी फसू नका.

पण हेच दिवे आपल्याला दोषाची जागा सांगतात. ते कसे, ते आता बघू.

हात लावण्यापूर्वी

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे स्वतः गिअरचा दांडा हलवून बघा. हातब्रेक ओढा, चाकांच्या पुढे-मागे मोठे दगड लावा.

२. इंजिन बंद करण्याची दांडी ओढून ठेवा, म्हणजे तपासताना इंजिन अचानक सुरू होणार नाही.

३. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. पाना बॅटरीच्या दोन टोकांना एकदम लागला तर क्षणात लाल होतो.

४. बॅटरीजवळ विडी, काडीपेटी, कंदील नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगी पडली तर बॅटरी फुटते. आम्ल डोळ्यांत उडाले तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवा आणि दवाखाना गाठा.

पहिली परीक्षा : दिवे लावून चावी फिरवा

एकाला सीटवर बसवा. मोठे दिवे लावा आणि चावी सेल्फवर फिरवायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहून दिव्यांकडे बघा आणि आवाज ऐका.

● दिवे एकदम मंद झाले किंवा विझले : बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल किंवा अर्थिंग सैल आहे. क्वचित सेल्फ किंवा इंजिनच जाम झालेले असते.

● भराभर ‘कट् कट् कट्’ आवाज : कारण बहुधा वरचेच. सोलेनॉइड ओढायला जोर पुरतो, सेल्फने भार घेतला की जोर संपतो.

● दिवे प्रखर, आवाज काहीच नाही : चावीचा प्रवाह सोलेनॉइडपर्यंत पोचत नाही. चावीचा स्विच, फ्यूज, बारीक वायर किंवा सुरक्षा स्विच बघा.

● दिवे प्रखर, एकच ‘कट्’ आणि पुढे शांत : सोलेनॉइडचा आतला संपर्क जळाला आहे किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजले आहेत.

● सेल्फ घुर्र करून फिरतो, इंजिन मात्र हलत नाही : लहान दातेरी चाक पुढे सरकत नाही, किंवा फ्लायव्हीलचे दाते खाल्ले गेले आहेत.

● इंजिन चांगले फिरते, पण पेट घेत नाही : दोष सेल्फचा नाही. बंद करायची दांडी आत ढकलली आहे का, डिझेल आहे का, लाइनीत हवा धरली आहे का, हीटर तापतो का, ते बघा.

या एका परीक्षेत निम्मे काम होते. आता एकेक जागा तपासू.

टर्मिनल आणि अर्थिंग : इथून सुरुवात करा

वायर काढताना आधी अर्थिंगची काढा आणि बसवताना ती शेवटी बसवा. हा क्रम मोडू नका. प्लसची वायर सोडताना पाना चेसिसला टेकला तरी अशाने ठिणगी पडत नाही. बहुतेक ट्रॅक्टरचे अर्थिंग मायनसकडे असते. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत ते प्लसकडे असते, म्हणून कोणती वायर चेसिसला गेली आहे ते डोळ्यांनी बघूनच काम करा.

टर्मिनल हातोडीने ठोकून काढू नका, आतल्या पट्ट्या तुटतात. चिकटले असेल तर पेल्यात चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वरून ओता. फसफस थांबली की साध्या पाण्याने धुवा. बॅटरीची बुचे मात्र घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये. मग दोन्हीकडचे शिसे आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, कोरडे पुसा, घट्ट आवळा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळू नका.

आता अर्थिंगची पट्टी. ती चेसिसला जिथे बसते तिथला बोल्ट काढा. खाली गंज, चिखल किंवा रंग असेल तर लोखंड उघडे होईपर्यंत घासा. ट्रॅक्टरला नवा रंग दिल्यानंतर सेल्फ बिघडला, अशी तक्रार असेल तर हमखास इथे बघा. रंगातून वीज जात नाही. विणलेल्या पट्टीच्या तारा तुटल्या असतील तर पट्टीच बदला, तिथे बारीक वायरचा तुकडा चालत नाही.

शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. जाड जंपर वायरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खांबाला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा. आता सेल्फ जोरात फिरला तर समजा, दोष परतीच्या वाटेत आहे. बॅटरीला दोष देऊ नका.

बॅटरी खरोखर गेली का?

दिवे-सेल्फ काही न लावता बॅटरी रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी मीटर लावा. साधा मल्टिमीटर आज काही शे रुपयांत मिळतो. चारजणांत मिळून एक घेतला तरी पुरे. तो डी. सी. २० व्होल्टवर ठेवा.

— १२.६ किंवा जास्त : बॅटरी भरलेली
— सुमारे १२.४ : पाऊण भरलेली
— सुमारे १२.२ : अर्धी
— १२.० किंवा कमी : जवळजवळ रिकामी, आधी चार्ज करा

भरलेल्या बॅटरीवर सेल्फ फिरवताना मीटर खांबांवर धरून ठेवा. व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरले तर बॅटरी आतून कमजोर आहे, किंवा सेल्फ जाम होऊन जास्त ओढतो आहे.

बुचांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर आणखी खरे सांगतो. चार्ज झालेल्या कप्प्याची घनता १.२६ ते १.२८ असते, १.२० च्या खाली गेली की बॅटरी उतरली. सहाही कप्पे सारखेच कमी असतील तर चार्ज करून बघा. पाच चांगले आणि एकच ०.०५ ने मागे असेल तर तो कप्पा गेला. अशा बॅटरीवर चार्जिंगचे पैसे घालवू नका.

पाणी पट्ट्यांच्या वर सुमारे बोटाच्या अर्ध्या पेराइतके, म्हणजे १० मिलिमीटर असावे. कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार पट्ट्या खातात. आणि वरून आम्ल तर कधीच घालू नका. उडते ते पाणी, आम्ल उडत नाही.

वीज वाटेत कुठे मुरते?

समजा, सेल्फ फिरवताना बॅटरीच्या खांबांवर मीटर ११.२ दाखवतो, पण सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि सेल्फच्या अंगावर धरला तर ८.९ च दाखवतो. मग मधले २.३ व्होल्ट गेले कुठे? वाटेत मुरले. पाट फुटला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसेच.

जागा शोधायला मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खांबावरच, आणि दुसरे सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरा. सेल्फ फिरत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर जाणारी वाट खराब. मग मायनसचा खांब आणि सेल्फचे अंग असे धरून बघा. इथेही अर्ध्या व्होल्टच्या आतच असावे. जास्त दिसले तर येणारी वाट खराब. सेल्फ फिरवताना वायर किंवा एखादा जोड हाताला चटका देण्याइतका तापत असेल तर दोष तिथेच समजा.

चावी, सुरक्षा स्विच आणि सोलेनॉइड

मीटर नसला तरी अडत नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब घ्या, त्याला दोन लांब वायरी जोडा. हा तुमचा टेस्ट लॅम्प. चालू बॅटरीवर लावून आधी त्याचीच खात्री करून घ्या.

एक टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला आणि दुसरे सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला लावा. सीटवरच्या माणसाला क्लच दाबून चावी फिरवायला सांगा.

बल्ब लागला नाही, तर प्रवाह तिथपर्यंत येत नाही. फ्यूज बघा, बारीक वायरचे टोक निघाले आहे का बघा, उंदरांनी वायर कुरतडली आहे का बघा. पावसाळ्यात गोठ्यात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरला उंदराचे हे दुखणे हटकून असते. त्यानंतर क्लचखालचा किंवा गिअरच्या दांड्याजवळचा सुरक्षा स्विच तपासा. चिखल बसला की तो दबत नाही. साफ करा, गेला असेल तर नवा घाला.

बल्ब लागला आणि तरी सेल्फ गप्प, तर चावीची बाजू ठीक आहे. आता बल्बचे टोक सोलेनॉइडमधून मोटरकडे जाणाऱ्या मोठ्या बोल्टवर लावा. चावी फिरवल्यावर ‘कट्’ होऊनही बल्ब लागत नसेल तर सोलेनॉइडचा संपर्क जळाला. बल्ब लागतो पण मोटर फिरत नाही, तर ब्रश किंवा मोटरच्या आतला दोष. इथून पुढचे काम कारागिराचे. त्याला ‘ट्रॅक्टर बिघडला’ असे न सांगता ‘मोटरपर्यंत वीज येते, मोटर फिरत नाही’ असे सांगा. नेमका दोष सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी सहसा फसवत नाही. बदललेला जुना भागही मागून घ्या.

स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फ मारू नका

बंधूंनो, या पत्रकातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

सेल्फ लागला नाही की काहीजण खाली उभे राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवतात. इंजिन सुरू होते, म्हणून ही युक्ती गावोगाव चालते. पण असे करताना चावी, क्लच आणि सुरक्षा स्विच या तिन्हींना बगल दिलेली असते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो त्याच क्षणी पुढे झेपावतो. सेल्फ असतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे. म्हणजे माणूस नेमका मोठ्या चाकाच्या वाटेवर उभा असतो. बाजूला व्हायला सवड मिळत नाही. अनुभवी चालकही असे चिरडून मेले आहेत, कारण ‘न्यूट्रलमध्येच आहे’ असे त्यांनाही वाटत होते.

तीच गोष्ट सुरक्षा स्विच काढून वायरी एकमेकींना जोडण्याची. स्विचचे दोन पैसे वाचतात, पण सीटवर खेळणाऱ्या पोराने चावी फिरवली तर ट्रॅक्टर चालू लागतो. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच सुरू करा आणि चावी कधीही लावून ठेवू नका. उतारावर ट्रॅक्टर लावून ‘सकाळी घसरवून चालू करू’ ही सवयही तितकीच धोक्याची आहे. दगड सरकला की ट्रॅक्टर कोणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या बॅटरीवर चालू करायचा झाल्यास

घाईच असेल तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडता येते. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आणि दोन्हींचे अर्थिंग मायनसकडेच हवे. ट्रॅक्टर एकमेकांना टेकू देऊ नका. आधी उतरलेल्या बॅटरीचा प्लस चांगल्या बॅटरीच्या प्लसला जोडा. मग दुसऱ्या वायरचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनला, बॅटरीपासून लांब लावा. शेवटचा जोड ठिणगी टाकतो, ती बॅटरीजवळ पडू नये म्हणून हा खटाटोप. आता इंजिन बंद करायची दांडी आत करा आणि सीटवर बसून सुरू करा. काढताना उलट क्रम ठेवा.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते?

मग भरणारा कमी पडतो किंवा गळती आहे. इंजिन मध्यम वेगावर चालू असताना बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसले तर चार्जिंग ठीक. १२.५ च्या खालीच राहिले तर डायनामो किंवा आल्टरनेटर काम करत नाही. आधी पट्टा बघा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो १० ते १५ मिलिमीटर दबावा, जास्त दबला तर सैल आहे. आल्टरनेटर असेल तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चार्ज होतोय का’ हे बघू नका, त्याचे डायोड जळतात. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करतानाही बॅटरीची वायर सोडून ठेवा.

गळतीची कारणे घरचीच असतात. चावी बंद केली तरी चालणारा गाण्याचा बाजा, ट्रॉलीचा सुटलेला दिवा, बॅटरीवरचा ओला चिखल. बाजा चावीच्या पुढे आणि स्वतंत्र फ्यूज घालून जोडून घ्या. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर अर्थिंगची वायर सोडा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली तर पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि मग ती पुरती भरत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मधे निदान एक मिनिट विश्रांती द्या.
२. आधी टर्मिनल आणि अर्थिंग, मग बॅटरी, मग चावी आणि सोलेनॉइड, सेल्फ शेवटी.
३. मोजल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. घ्यालच तर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या अँपिअर-अवरची घ्या, हमीपत्रावर तारीख आणि शिक्का घ्या.
४. जुनी बॅटरी दुकानात परत करा, तिचे पैसे वजा होतात. आतले आम्ल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.
५. पेरणीच्या पंधरा दिवस आधी ही सगळी तपासणी एकदा करून घ्या. दुरुस्तीला तेव्हा सवड असते, वाफशात नसते.

बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण जू ठेवण्याआधी हात फिरवून बघतो. ट्रॅक्टरला बोलता येत नाही, पण दिवा आणि आवाज यांतून तो दुखणे सांगतो. तेवढे ऐकायची सवय लावून घ्या.

रामराम.